वेबसाइट आणि ऑफिसचा डेटाबेस: दोन्हीकडून सिंक कशाला?

वागळे_इस्टेट
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, "दोन्हीकडून, चोवीस तास सिंक नसेल तर वेबसाइट बंद करून टाका." राहवत नाही म्हणून लिहितोय. हार्डवेअरच्या घाऊक व्यापाऱ्याकडे ११ वर्षं हेच काम करतोय. पूर्वी आमचाही सिंक दोन्हीकडून होता, म्हणजे टॅलीत (ऑफिसचं हिशेबाचं सॉफ्टवेअर) बदललं की साइटवर आणि साइटवर बदललं की टॅलीत आपोआप बदलायचं. अकाउंटंटने दुपारी टॅलीत भाव वाढवला. विक्रीच्या पोराने सकाळपासून उघडं ठेवलेलं साइटचं पान संध्याकाळी सेव्ह केलं. शेवटचा बदल खरा धरला गेला आणि जुना भाव टॅलीत परत आला! दोन दिवस तोट्यात माल गेला. आता भाव आणि साठा टॅलीचा, फोटो आणि वर्णन साइटचं. रात्री एकदा डेटा चढतो, पुरतो.

महापेकर
तुम्हाला पुरत असेल. आम्ही बेअरिंग विकतो. सकाळी काउंटरवरून शेवटचे ४ नग गेले, साइट दिवसभर "४ शिल्लक" दाखवत राहिली, तिघांनी पैसे भरले. त्यांचे फोन मी घेतले, तुम्ही नाही. टॅलीत प्रत्येक नोंदीला ऑल्टर आयडी असतो, बदल झाला की वाढतो. शेवटचा आकडा लक्षात ठेवायचा, दर १० मिनिटांनी पुढचं तेवढं उचलायचं.

वागळे_इस्टेट
विक्री झाली म्हणून वस्तूच्या मास्टरचा (मूळ नोंदीचा) ऑल्टर आयडी वाढत नाही, साठा व्हाउचरवरून, म्हणजे खरेदी-विक्रीच्या नोंदींवरून निघतो. आणि कोणी व्हाउचरच डिलीट केलं तर? तुमच्या यादीत ते येणारच नाही. हे माहीत नसताना लोकांना सल्ले देऊ नका.

तुर्भे_गोदाम
इथे टेम्पो ११ वाजता सुटतो आणि मालाचं चलन टॅलीत संध्याकाळी ६ ला बनतं. दर १० मिनिटांनी चुकीचाच आकडा पाठवणार ना? सिंक बिघडला की प्रोग्रामरला बोलावतात, चलन वेळेवर करायला अजून एक माणूस द्या म्हटलं की सगळे गप्प.

कळव्याची_ऑपरेटर
आमचं दुखणं वेगळंच. साइटवर "कुऱ्हाड" दोनदा यायची. "दोऱ्या"ही दोनदा. तीन आठवडे माझ्यावर आळ, की मी डबल एन्ट्री करते.

महापेकर
करत असाल. नावं नीट टाईप केली तर असं होत नाही.

कळव्याची_ऑपरेटर
नीटच केली होती! अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका कीबोर्डवर ऱ हे वेगळं अक्षर, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. डोळ्यांना सारखं, डेटाबेसला दोन वेगळे शब्द. सिंक नावावरून जुळवत होता म्हणून प्रत्येक वेळी नवी वस्तू तयार व्हायची.

घोडबंदर
युनिकोडचं नॉर्मलायझेशन लावलं, म्हणजे दोन तऱ्हांनी लिहिलेलं एकच अक्षर एकसारखं करून घेतलं, की झालं.

कळव्याची_ऑपरेटर
नाही होत, करून बघितलंय. ऱ एकसंध लिहा की र खाली नुक्ता (टिंब) देऊन, ते दोन्ही एक होतात. जोडकवाला तसाच वेगळा राहतो.

तुर्भे_गोदाम
आमच्याकडे तर जुन्या नोंदी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात. साइटवर गेल्या की निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा. मराठीत नावं ठेवायची हौस मालकाची, निस्तरायचं आम्ही.

कळव्याची_ऑपरेटर
हौस कसली? हमालाला इंग्रजी यादी देणार का? जुळवणी नावावरून करायचीच नाही. टॅलीत प्रत्येक वस्तूला जीयूआयडी, म्हणजे स्वतंत्र ओळख क्रमांक असतो, नाव बदललं तरी तो बदलत नाही. आम्ही तेच केलं आणि कुऱ्हाड एकच राहिली. माझी माफी मात्र कोणी मागितली नाही.

महापेकर
मी मागतो. तुम्हाला टायपिंगवरून बोलायला नको होतं.
वागळेसाहेब, व्हाउचरचं बरोबर आहे. नव्या व्हाउचरांत ज्या वस्तू दिसतील त्यांचाच साठा दिवसा मागवतो, आणि डिलीट सापडायला रात्री पूर्ण ताळा. पण दिवसाचा सिंक मी बंद करणार नाही.

वागळे_इस्टेट
साठ्यापुरता करा, ४ नगांचा माल असेल तर लागेल, मान्य. भाव मात्र एकाच दिशेने. आणि टॅलीचा ९००० पोर्ट (दुसऱ्या प्रोग्रामने टॅलीशी बोलायचं दार) राउटरमधून बाहेर उघडला असेल तर आजच बंद करा, डेटा ऑफिसातून बाहेर ढकला.

महापेकर
उघडाच आहे. करतो.