मदत हवी आहे : पापण्यांतील डेमोडेक्सवर औषध
दादरला राहणाऱ्या माझ्या आईच्या पापण्यांच्या मुळाशी रोज सकाळी मेणचट कोंडा साचतो आणि खाज इतकी सुटते, की लोकलच्या गर्दीतही तिचा हात डोळ्यांकडे जातो. नेत्रतज्ज्ञांनी पापणीचे दोन केस काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले व डेमोडेक्स हे अतिसूक्ष्म किडे असल्याचे सांगून टी ट्री तेलाचे वाइप्स दिले. त्या वाइप्सनी मात्र डोळे फार चुरचुरतात. अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळालेले लोटिलॅनरचे ०.२५ टक्क्यांचे थेंब दिवसातून दोनदा, सहा आठवडे घालतात, असे वाचले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते मुंबईत रीतसर मागवण्याचा कोणाला अनुभव आहे का? अन्यथा आयव्हरमेक्टिनचे मलम कोणाच्या डॉक्टरांनी दिले होते का, आणि फरक किती आठवड्यांनी जाणवला? (एरंडेल तेल लावून झाले आहे, घरगुती उपाय कृपया सुचवू नयेत.)