घरच्या सोलरला बॅटरी १२, २४ की ४८ व्होल्टची?

मुलुंड_रोहाउस
मुलुंड पूर्वेला रो-हाउस, गच्ची मोकळी. ५५० वॅटची दोन पॅनेल लावायचं ठरलंय. जुन्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तास) ट्यूबलर, म्हणजे पाणी घालायची लेड-ॲसिड बॅटरी आहे, तीन वर्षं वापरलेली. लोड म्हणजे चार पंखे, दिवे, फ्रिज, टीव्ही, वायफाय आणि अधूनमधून मिक्सर. रात्री वीज गेली तर चार तास निघावेत. दुकानदार म्हणतो ४८ घ्या, बॅकअप जास्त मिळतो. वायरमन म्हणतो १२ वर भागेल. कोणाचं ऐकू? आणि जुनी बॅटरी नवीच्या जोडीला चालेल का?

तांब्याची_तार
दोघांचंही नको. व्होल्टेज वाढवून बॅकअप वाढत नाही. १५० एएचच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकामागे एक, व्होल्ट वाढतात) जोडा नाहीतर पॅरललमध्ये (शेजारी-शेजारी, एएच वाढतात), साठा ३.६ युनिटच. बदलतो तो करंट.

मिक्सर चालू असताना तुमचा लोड १४०० वॅट धरा. इन्व्हर्टरचा स्वतःचा लॉस धरून १२ व्होल्टला बॅटरीतून साधारण १३५ अँपिअर ओढले जातील, २४ ला ६७, ४८ ला ३४. बॅटरी दोन मीटरवर असली तर जाऊन-येऊन तार चार मीटर. २५ स्क्वेअर एमएमच्या तांब्यात १३५ अँपिअरला जवळजवळ ०.४ व्होल्ट पडतात आणि ५५-६० वॅट नुसते तारेत तापतात. २४ व्होल्टला हेच १४ वॅटवर येतं, कारण करंट निम्मा झाला की तारेतली उष्णता पाव होते. लग (तारेच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) आणि जोडांवर पडणारे व्होल्ट वेगळेच. म्हणून १२ व्होल्टवर मिक्सर लावला की बॅटरीत चार्ज असतानाही इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणून बोंब मारतो.

दुसरी अडचण पॅनेलची वीज बॅटरीत भरणाऱ्या कंट्रोलरची. त्याची मर्यादा अँपिअरमध्ये असते. ६० अँपिअरचा एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा कंट्रोलर) १२ व्होल्टला जेमतेम ८०० वॅट घेतो, तुमची पॅनेल ११०० ची. १२ इथेच बाद, तुमच्या लोडला २४ घ्या.

जुनी बॅटरी नवीबरोबर सिरीजमध्ये अजिबात नको. तिची क्षमता घटलेली, त्यामुळे ती आधी भरते आणि पाणी उडवत बसते, नवी मात्र अर्धवट राहते. डिस्चार्जला जुनीच आधी बसते. वर्षभरात दोन्ही गेल्या म्हणून समजा.

गच्ची_वॉट
२४ चं बरोबर, पण एक गोष्ट राहिली. २४ व्होल्टला ही पॅनेल भर उन्हात ४० अँपिअरच्या आसपास देतील. १५० एएचच्या ट्यूबलरला चार्जिंग १५ ते २० अँपिअरच बरं. कंट्रोलरमध्ये चार्ज करंट २० वर बांधा, नाहीतर प्लेटा खराब होतील. दिवसा फ्रिज-पंखे सोलरवर चालले तर उरलेलं फुकट जात नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली, २५.६ व्होल्ट १०० एएच, तर ती साधारण ५० अँपिअर सहज पचवते (डेटाशीट बघूनच).

चार तासांचा हिशेब: ३५० वॅट गुणिले ४ म्हणजे १.४ युनिट. ट्यूबलर निम्मीच वापरायची, म्हणजे ३.६ मधले १.८, आणि इन्व्हर्टरमधून बाहेर येतात दीड. बसतंय, पण काठावर.

मुलुंड_रोहाउस
धन्यवाद. पुढे अर्ध्या एचपीची पाण्याची मोटर आणि एक टनाचा एसी जोडायचा विचार आहे. मग?

तांब्याची_तार
मग आत्ताच ४८. अर्ध्या एचपीची मोटर चालू होताना चार-पाच पट करंट मागते, २४ वर तो धक्का जड जातो. शिवाय ११०० वॅट ४८ वर साधारण २० अँपिअर होतात, चार ट्यूबलरच्या सिरीजला अगदी हवे तेवढे. तोटा इतकाच की मोठा इन्व्हर्टर रिकामा चालतानाही ५० वॅटच्या आसपास खातो. दिवसाला सव्वा युनिट. जुलैत ढग दाटले की हेच बोचतं. एसी नक्की नसेल तर २४ वर थांबा. नंतर बदलायचं म्हटलं तर इन्व्हर्टर बदलावाच लागतो, कंट्रोलर ४८ चालणारा घेतला असेल तर तो मात्र वाचतो.

४८ ला दोन पॅनेल सिरीजमध्येच लागतात, एकटं पॅनेल तापल्यावर ३७-३८ व्होल्टवर येतं. पण तिसरं वाढवायचं असेल तर थांबा: एकाचा ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मिळणारा) ४९.५, तिघांचा १४८.५. थंडीत सकाळी १५ अंशांना तो १५२ च्या वर जातो आणि १५० व्होल्टचा कंट्रोलर उडतो. वॉरंटीत बसत नाही.

खारा_वारा
जोडणीबद्दल थोडं. घरातल्या एसी करंटची एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) बॅटरी-पॅनेलच्या डीसी करंटवर वापरू नका, ठिणगी विझत नाही. डीसीचीच घ्या, तिच्यावर + आणि − च्या खुणा असतील तर त्या दिशेनेच लावा. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एका वीतभर अंतरात.

लग कलई केलेले तांब्याचे, मुंबईच्या लोहार चाळीत मिळतात. हातोडीने ठोकू नका, हायड्रॉलिक क्रिम्प (यंत्राने दाबून घट्ट) करून घ्या. ॲल्युमिनियमचा लग तांब्याच्या तारेला लावला तर आपल्या दमट, खाऱ्या हवेत पावसाळ्याअखेर हिरवा-पांढरा चुरा दिसतो. आधी नट आवळा, मग वर पेट्रोलियम जेली चोपडा. उलट केलं तर जेली जोडात शिरते. महिन्याभराने नट पुन्हा तपासा.

राउटरसाठी सिरीजमधल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायचा मोह होईल. तीच बॅटरी सतत खाली राहते. डीसी-डीसी कन्व्हर्टर लावा. आणि क्रम पाळा: आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनेल. काढताना उलट.