३० हजारांत १४४०पी गेमिंग: नवं आरटीएक्स ५०६० की सेकंडहँड ३०८०?

प्रश्नकर्ता: मशीन असं आहे: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॉटचा ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), २७ इंची १४४०पी (२५६०×१४४० पिक्सेल) मॉनिटर. तीस हजारांत एनव्हिडियाचं नवं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६० (८ जीबी मेमरी) बसतंय, तेवढ्यातच त्यांचंच जुन्या पिढीचं, वापरलेलं आरटीएक्स ३०८० (१० जीबी) मिळतंय. रोज साधारण तीन तास खेळणं होतं. काय घ्यावं आणि का?

शेडरबाबा: १४४०पी असेल तर डोळे झाकून ३०८०. मेमरी बस (मेमरीकडे जाणारा रस्ता) ३२० बिट रुंद, बँडविड्थ म्हणजे डेटा वाहण्याचा वेग सेकंदाला ७६० जीबी. ५०६०मध्ये नव्या पिढीची जीडीडीआर७ मेमरी असली तरी बस १२८ बिटचीच, म्हणून बँडविड्थ ४४८वरच अडते. निव्वळ रेंडरिंगमध्ये ३०८० दहा-पंधरा टक्के पुढे राहतं. कमी पिक्सेलचं चित्र एआयने मोठं करणाऱ्या (अपस्केलिंग) डीएलएसएसचं नवं ट्रान्सफॉर्मर मॉडेलही ३० सीरिजवर चालतं, त्यामुळे अपस्केलिंगसाठी नवं कार्ड घ्यायची गरज नाही.

वॉटमीटर: आणि एसएमपीएसचे पैसे कोण धरणार? ३०८० खातं ३२० वॉट, ५०६० खातं १४५. त्यात ३०८०चे काही मिलिसेकंदांचे झटके ४५० वॉटच्या वर जातात. ५५०चा ब्राँझ सरासरी लोड उचलेलही, पण असा झटका आला की संरक्षण ट्रिप होतं आणि गेम चालू असतानाच मशीन धाडकन बंद पडतं. लोक मग विंडोज पुन्हा टाकतात, रॅम बदलून बघतात, आणि दोष निघतो एसएमपीएसमध्ये. चांगला ७५० वॉट गोल्ड (ब्राँझहून वरचा दर्जा) म्हणजे सात ते दहा हजार वेगळे. जोडीला ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तोही बाद, कारण तो जेमतेम ३६० वॉट देतो.

वीजबिल: १७५ वॉटचा फरक, रोज तीन तास, म्हणजे महिन्याला साधारण १६ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला १,९०० रुपयांच्या आसपास. नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत ३२० वॉटची उष्णता सोडणं हा त्रास वेगळाच.

वॉरंटीचं सांगायलाच नको. २०२०-२२मध्ये विकलेल्या ३०८० कार्डांची तीन वर्षं कधीच उलटली.

शेडरबाबा: एसएमपीएसचा मुद्दा बरोबर. पण तुम्ही बोर्ड बघितला नाहीत, आणि खरी मेख तिथेच आहे. ५०६०ला पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या) आठच लेन आहेत आणि बी४५० हा ३.० पिढीचा बोर्ड. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ जीबीचा रस्ता. मेमरी पुरते तोवर फरक फारसा जाणवत नाही. ८ जीबी भरली की टेक्स्चर (पृष्ठभागांची चित्रं) सिस्टिमच्या रॅममध्ये जातात आणि त्याच अरुंद रस्त्याने परत येतात. ४४८च्या जागी ८! सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) ठीक दिसतो, पण मान वळवली की गेम अडखळतो, भिंतींवरची टेक्स्चर धूसर राहतात. ३०८०ला १६ लेन आहेत, म्हणून याच बोर्डवर सेकंदाला १६ जीबी मिळतात, शिवाय मेमरी दोन जीबी जास्त.

वॉटमीटर: टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आणली की बहुतेक गेम ८ जीबीत बसतात, आणि १० जीबीही काही अमर नाही. ५०६०वर मल्टी फ्रेम जनरेशन (एआयने मधल्या जादा फ्रेम बनवणं) मिळतं, एव्ही१ या व्हिडिओ फॉरमॅटचं एन्कोडिंग मिळतं. ३०८० एव्ही१ फक्त डीकोड करतं. स्ट्रीमिंग करणाऱ्याला हा फरक मोठा आहे.

शेडरबाबा: फ्रेम जनरेशन स्वतःही मेमरी खातं, म्हणजे जिथे ८ जीबी आधीच अपुरी तिथे अडचण वाढतेच. मूळ एफपीएस ५०-६० नसेल तर माउस जड लागतो, आकडा कितीही मोठा दिसो.

कोकणी_पिक्सेल: ३०८० घेणारच असाल तर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग (कार्डं राबवून नवी नाणी मिळवणं) संपलं तेव्हा ही कार्डं ढिगाने बाजारात आली. मायनिंगचं म्हणून कार्ड वाईट ठरत नाही, पण चिपची उष्णता कूलरकडे नेणारे पॅड आणि पंखे झिजलेले असू शकतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर पुण्याच्या तापकीर गल्लीत, चालू मशीनवर बघा. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये रेंडर टेस्ट लावून लेन १६ दिसतात का ते बघा. टाइम स्पाय या बेंचमार्क चाचणीचा ग्राफिक्स स्कोअर १७ हजारांच्या आसपास हवा. मग अर्धा तास लोड देऊन एचडब्ल्यूइन्फो या ॲपमध्ये मेमरी जंक्शनचं (मेमरी चिपच्या आतलं) तापमान बघा. ही मेमरी ११० अंशांना वेग कमी करते, त्यामुळे १०४च्या वर गेलं तर पॅड गेले समजा. जीपीयू (मुख्य चिप) आणि हॉटस्पॉट (तिचा सर्वांत तापलेला बिंदू) यांत २५ अंशांहून जास्त अंतर असेल तर चिपवरची पेस्ट सुकली आहे. ओसीसीटी या ॲपच्या व्हीरॅम (कार्डाची मेमरी) टेस्टमध्ये एकही एरर आली तर उठा आणि चालू लागा.

पॅड बदलताना जाडी त्याच मॉडेलची हवी. अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड घातला तर कूलर मुख्य चिपवर नीट टेकत नाही. मेमरी थंड होते आणि हॉटस्पॉट शंभरीला जातो.

किनाऱ्याजवळचं कार्ड असेल तर ब्रॅकेट, स्क्रू आणि डिस्प्ले पोर्टची तोंडं टॉर्च लावून बघा. खाऱ्या हवेचा गंज तिथे आधी दिसतो.

जीटीएक्सप्रेमी: मग जुनं जीटीएक्स १०८० टीआय का नको? ११ जीबी आहे, आणि त्याहून स्वस्त.

कोकणी_पिक्सेल: नको. रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याचं) हार्डवेअर नाही, त्यामुळे डूम: द डार्क एजेससारखे गेम सुरूच होत नाहीत. शिवाय एनव्हिडियाने पास्कल (१०८० टीआयच्या पिढीच्या) कार्डांचे नवे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५मध्ये थांबवले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट.

फ्रेमटाइम: बजेट थोडं ताणता आलं तर एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी बघा. १६ लेन, १६० वॉट, ५५०चा एसएमपीएस चालतो. ८ जीबीचं व्हेरियंट मात्र घेऊ नका.

शेडरबाबा: ताणता येत नसेल तर माझं मत ३०८०च. कॅबिनेटमध्ये ३२० मिलिमीटर जागा आहे का मोजा. कार्डाला वीज जोडायची दोन आठ-पिन तोंडं असतील तर दोन वेगळ्या केबल लावा, एकाच केबलची दोन तोंडं नकोत. आफ्टरबर्नर या ॲपमध्ये ०.८५ व्होल्टला १८०० मेगाहर्ट्झ लॉक केलं की खप अडीचशे वॉटच्या आत येतो आणि वेग थोडाच घटतो. असं केलं तर ६५० वॉट पुरेल.

वॉटमीटर: अंडरव्होल्ट (असं व्होल्टेज कमी करणं) जरूर करा, पण एसएमपीएस त्या भरवशावर घेऊ नका. ड्रायव्हर क्रॅश होऊन रिसेट झाला तर ती सेटिंग उडू शकते आणि कार्ड परत ३२० वॉटवर जातं. तेव्हा ३०८० घेतलंत तर ७५०च, आणि ७५०चे पैसे नसतील तर ५०६०.