व्याजदर आकड्यात बघू नका

'१९७०च्या दशकात अमेरिकेने व्याजदर वाढवूनही महागाई हटली नाही, म्हणजे हे हत्यार बोथट आहे' हा नेहमी ऐकू येणारा मुद्दा मला अर्धाच पटतो. त्या दशकात तेलाच्या भाववाढीचा झटका खराच होता, आणि व्याजदर वाढवून तेल काही जमिनीतून वर येत नाही. पण हा मुद्दा मांडणारे सगळे नाममात्र, म्हणजे जाहीर केलेल्या दराबद्दल बोलताहेत. कर्ज घेणारा मात्र दरातून महागाई वजा करून उरतं ते, म्हणजे वास्तव दर पाहतो. फेब्रुवारी १९७५मध्ये तिथे महागाई ११ टक्क्यांच्या वर होती आणि धोरणदर, म्हणजे मध्यवर्ती बँक ठरवते तो व्याजदर, साधारण ६ टक्के. वास्तव दर उणे ५! कर्ज काढून आजच खरेदी करणं फायद्याचं असेल तर मागणी कशी कमी होणार? दर चढा दिसत होता, प्रत्यक्षात पैसा स्वस्तच होता.

पुढे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांच्या काळात, १९८१च्या जूनमध्ये, धोरणदर १९ टक्क्यांच्या आसपास गेला आणि महागाई १०च्या खाली होती. म्हणजे वास्तव दर अधिक ९. त्यानंतर १९८३ साली महागाई ३ टक्क्यांच्या आसपास आली. हत्यार चाललं, पण १९८२च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर पोचली होती. वर्गात आलेख शिकवताना ही किंमत एका ओळीत उरकली जाते, ते मला फार खटकतं. वास्तव दर इतकी वर्षं उणे राहू दिला नसता, तर लोकांच्या मनात 'भाव वाढतच राहणार' ही अपेक्षा इतकी मुरली नसती आणि औषधाचा डोसही कदाचित कमी लागला असता.