चर्चा: तळाच्या फूटी क्लबांना ड्राफ्टमध्ये जादा पिक द्यावं का?

यारावासी (धागाकर्ता)

फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये पर्थच्या वेस्ट कोस्ट क्लबने २०२५ च्या मोसमात २३ पैकी एक सामना जिंकला. एकच. त्यामुळे नेहमीची ओरड पुन्हा कानावर येते आहे, की अशांना ड्राफ्टमध्ये वाढीव काहीतरी द्या. माझं मत आधीच सांगून टाकतो: देऊ नये. त्यांनाही नाही, नॉर्थ मेलबर्नलाही नाही, उद्या जो तळाला जाईल त्यालाही नाही.

फूटी ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एएफएल या फूटीच्या मुख्य लीगमध्ये १८ क्लब आहेत. दर नोव्हेंबरात देशभरातली अठराच्या आसपासची गुणी पोरं ड्राफ्टमध्ये येतात आणि गुणतक्त्यात जो तळाला, त्याची निवड पहिली. पगाराची मर्यादा सगळ्यांना सारखी. म्हणजे दुबळ्याला मदत मुळातच पद्धतीत बसवलेली आहे. वाद आहे तो त्याच्यावर मिळणाऱ्या 'प्रायॉरिटी पिक'चा.

२००६ पासून नियम असा होता की सलग दोन मोसम चार किंवा त्याहून कमी विजय मिळाले, तर पहिल्या फेरीच्याही आधी एक पिक. मेलबर्न क्लबचे २००८ मध्ये तीन विजय झाले होते. २००९ मध्ये चारच्या वर गेलं तर बक्षीस हुकणार. १८ व्या फेरीत रिचमंडशी सामना होता. बचावातली माणसं पुढे, एकेक जण नेहमीची जागा सोडून भलतीकडेच, आणि एवढं करूनही मेलबर्न आघाडीवर! शेवटी भोंगा वाजल्यानंतरच्या किकवर रिचमंडच्या जॉर्डन मॅकमहनने गोल मारला आणि मेलबर्न हरलं. आपला संघ हरला म्हणून हायसं वाटणारे प्रेक्षक मी तेव्हा पाहिले. खेळाची याहून वाईट दशा काय असणार?

त्या ड्राफ्टची पहिली दोन्ही पिकं मेलबर्नला मिळाली, टॉम स्कली आणि जॅक ट्रेन्गोव्ह. स्कली दोन मोसम खेळून नव्याने आलेल्या जीडब्ल्यूएस क्लबकडे गेला. ट्रेन्गोव्हची कारकीर्द पायाच्या दुखापतीने खाल्ली. २०१३ मध्ये चौकशीचा निकाल लागला: मुद्दाम हरल्याचं सिद्ध नाही, पण पाच लाख डॉलर दंड आणि तेव्हाच्या प्रशिक्षकासह दोघांवर बंदी. गुन्हा नाही, शिक्षा मात्र आहे. हे फक्त एएफएललाच जमतं.

त्याच २०१३ मध्ये मेलबर्नने दोन सामने जिंकले आणि पुन्हा हात पसरले. या वेळी लीगने पिक नाकारलं. त्याऐवजी कारभार बदलायला लावला, पीटर जॅक्सन मुख्य कार्यकारी झाले, आणि पॉल रूसना प्रशिक्षक म्हणून आणायला पैशाची मदत केली. क्लबने आपलं दुसऱ्या क्रमांकाचं पिक जीडब्ल्यूएसला देऊन डॉम टायसन आणि नववं पिक घेतलं, त्यावर क्रिस्टियन सेलम आला. २०२१ ला ५७ वर्षांनी प्रीमियरशिप, म्हणजे विजेतेपद. त्या संघात सेलम होता, स्कली-ट्रेन्गोव्ह नव्हते.

कांगारूप्रेमी

गोष्ट छान सांगितलीत, पण सोयीची तेवढीच. २०१४ मध्ये जेम्स फ्रॉली फ्री एजंट म्हणून (करार संपून मोकळा होऊन) हॉथॉर्नला गेला तेव्हा भरपाई म्हणून मेलबर्नला थेट तिसरं पिक मिळालं. त्यावर अँगस ब्रेशॉ आला. त्याच्या आधीच्या, स्वतःच्या पिकवर पेट्राका. दोघेही २०२१ च्या संघात. मागच्या दाराने दिलं की ती मदत नसते का?

आता आमचं ऐका. नॉर्थचे विजय २०२० पासून: तीन, चार, दोन, तीन, तीन, पाच. सहा वर्षांत वीस. तुम्ही एमसीजीला जाऊन बसता, आम्ही 'घरचे' सामने बघायला होबार्टला जात होतो, आता त्यातले काही वेस्टर्न ऑस्ट्रेलियात, कारण सामने विकल्याशिवाय क्लब चालत नाही. शुक्रवार रात्रीचे सामने मोठ्या क्लबांना, म्हणजे प्रायोजकही त्यांनाच. २०२१ ला तळाला राहून पहिलं पिक मिळालं, जेसन हॉर्न-फ्रान्सिस. एक मोसम खेळून पोर्ट ॲडलेडला गेला. तळाच्या क्लबात पोरगं टिकत नाही आणि पोरं टिकत नाहीत म्हणून क्लब तळाला. यातून बाहेर कसं यायचं ते यारावासींनी सांगावं. नुसतं 'कारभार सुधारा' नको. चार प्रीमियरशिप जिंकलेला प्रशिक्षक क्लार्कसन आणून बसवलाय आम्ही.

तिरसट

@कांगारूप्रेमी, मागच्या दाराचं तुम्ही बोलू नका राव. २०२३ ला बेन मॅके एसेंडनला गेला. चांगला बचावपटू आहे, पण मोसमातल्या सर्वोत्तमांच्या ऑल-ऑस्ट्रेलियन संघात कधी नव्हता. त्याच्या बदल्यात तुम्हाला ड्राफ्टमधलं तिसरं पिक! वर पहिल्या फेरीच्या शेवटची पिकं वेगळी, वाढीव रूकी (नवशिक्यांच्या) जागा वेगळ्या. एवढं देऊन पुढच्या वर्षी विजय किती? तीन. आदल्या वर्षीइतकेच.

कोथरूडकर

मी इथे फक्त आयपीएलवाला. आपल्याकडे तळाच्या संघाला छदाम मिळत नाही, लिलावात पर्स सगळ्यांना सारखी. तरी कोणी रडत नाही. मग यांनाच काय झालंय?

शिल्पा_वेरीबी

@कोथरूडकर, आयपीएलमध्ये तयार खेळाडू विकत मिळतो आणि दर काही वर्षांनी मोठा लिलाव होऊन पाटी कोरी होते. इथे तसं नाही. अठराचं पोरगं घ्यायचं, त्याचं अंग भरायला तीन-चार वर्षं, उंच खेळाडू असेल तर आणखी. लागोपाठ तीन ड्राफ्ट चुकले की सात-आठ वर्षं गेली. पैसे देऊन ते भरून काढता येत नाही, पगाराला मर्यादा आहे. म्हणून मी मदतीच्या बाजूने.

आणि यारावासी, तुमच्या धाग्यात गोल्ड कोस्टचं नावच नाही, हे कसं? २०११ ला आले, २०२४ पर्यंत एकदाही फायनल्स (मोसमाअखेरची बाद फेरी) नाही. २०१९ मध्ये लीगने घसघशीत मदत दिली, ड्राफ्टच्या सुरुवातीलाच वाढीव पिक, त्यामुळे मॅट रॉवेल आणि नोआ अँडरसन दोघेही मिळाले. शाळेपासूनचे मित्र, पहिलं आणि दुसरं पिक. दोघेही टिकले. अँडरसन आज कर्णधार आहे, रॉवेलने २०२५ चं ब्राऊनलो पदक, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं, घेतलं. त्याच वर्षी क्लब पहिल्यांदा फायनल्सला गेला आणि पर्थमध्ये जाऊन फ्रीमँटलला एका गुणाने हरवलं. शेवटचा तो एक गुण डेव्हिड स्वॉलोचा, जो पहिल्या वर्षापासून तिथे हाल सोसत होता. मी तर ती शेवटची मिनिटं उभी राहूनच पाहिली. मदत दिली नसती तर हे दिसलं असतं?

यारावासी

@शिल्पा_वेरीबी, मुद्दा वजनदार आहे, नाकारत नाही. पण गोल्ड कोस्ट हा लीगने स्वतः काढलेला क्लब, रग्बीच्या मुलखात. तिथे गुंतवणूक लीगची होती. शिवाय २०१९ ते २०२५ म्हणजे सहा वर्षं. मध्ये प्रशिक्षक म्हणून डेमियन हार्डविक आला, स्वतःच्या अकादमीतली पोरं आली. श्रेय दोन पिकांच्या खात्यावर कसं टाकायचं?

आकडेमोड

दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा क्लब उचलताहेत. २००६ च्या आधीच्या जुन्या नियमाची यादी बघा. २००१: वेस्ट कोस्टला प्रायॉरिटी पिकवर ख्रिस जड, २००६ ला प्रीमियरशिप. २००४: हॉथॉर्नला रफहेड, २००८ ला प्रीमियरशिप. २००५: कॉलिंगवूडला डेल थॉमस, शिवाय नेहमीच्या पिकवर पेंडलबरी, २०१० ला प्रीमियरशिप. म्हणजे पिक लागू पडतं.

पण कॉलिंगवूड २००२ आणि २००३ मध्ये ग्रँड फायनल खेळलं होतं! मग घसरले आणि एका खराब मोसमावर लॉटरी लागली. त्याच्यावरूनच बोंब झाली आणि २००६ चा कडक नियम आला. उलट बाजूला कार्लटन. २००५, २००६, २००७ अशी तीन वर्षं पहिलं पिक: मर्फी, गिब्स, क्रूझर. त्यातली मर्फी आणि क्रूझरची प्रायॉरिटी, आणि क्रूझरचं पदरात पडावं म्हणून २००७ चा शेवटचा सामना हरणंच फायद्याचं होतं. समोर मेलबर्न. लोक त्या सामन्याला 'क्रूझर कप' म्हणतात. १९९५ नंतर कार्लटनकडे प्रीमियरशिप नाही.

ज्याचं घर ठीक आहे त्याला पिक तारतं. ज्याचं नाही त्याला दहा दिली तरी पालथ्या घड्यावर पाणी.

पर्थकर

वेस्ट कोस्टचा आहे, म्हणून बोलतो. आम्हाला मदत नको. लाखभर सभासद, सुसज्ज सराव मैदान, तिजोरी भरलेली. २०१८ ची प्रीमियरशिप जिंकल्यावर म्हाताऱ्या संघाला मिठी मारून बसलो, वेळेवर पोरं आणली नाहीत, त्याची ही फळं. दर दुसऱ्या आठवड्याला विमानात चार तास बसावं लागतं ही तक्रार खरी, पण जिंकत होतो तेव्हाही विमान तेवढाच वेळ घ्यायचं.

तिरसट

पर्थकर, लाखातलं बोललात. आपल्याकडच्या कर्जमाफीसारखं आहे हे. थकवणाऱ्याचं माफ, आणि नियमित फेडणाऱ्याची ओरड झाली की त्याला मागाहून ५० हजार. जिलाँग शेवटचं तळाला गेलं १९५८ साली. त्यांना कोण प्रोत्साहनपर अनुदान देतंय?

कांगारूप्रेमी

नियमित फेडणारे म्हणे! ब्रिस्बेन बघा. २०२४ चे विजेते, आणि त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये लीवाय ॲशक्रॉफ्ट पाचव्या क्रमांकावर त्यांच्याकडे, कारण वडील तिथे खेळले. थोरला विल आधीच तिथे, दोन ग्रँड फायनलमध्ये सामन्यातला सर्वोत्तम. २०२५ ला पुन्हा विजेते. कॉलिंगवूडला निक डेकॉस असाच आला आणि २०२३ ला प्रीमियरशिप. वडिलांच्या नावावर मिळतं ते परंपरा, आणि आम्ही मागितलं की भीक. आधी ते बंद करा, जादा पिक मी स्वतः परत करतो.

शिल्पा_वेरीबी

+१. ड्राफ्ट स्वच्छ असता तर यारावासींचं म्हणणं पटलं असतं.

यारावासी

वडिलांच्या नावावर मिळणाऱ्या या 'फादर-सन' पिकांची किंमत वाढवा, माझा पाठिंबा. पण एका गळतीवर दुसरं भोक हा उपाय नाही. ठरलेला नियम २०१२ मध्ये काढून लीगने सगळं आपल्या मर्जीवर ठेवलं. सूत्र आहे म्हणतात, पण कोणाला दाखवत नाहीत. नियम असला तर क्लब मुद्दाम हरतात, नियम नसला तर लीगच्या दारात खेटे घालतात. म्हणून म्हणतो, पोरं देऊ नका, पोरं घडवणारी माणसं द्या. सहायक प्रशिक्षकांच्या खर्चावर जी मर्यादा आहे ती तळाच्या तीन क्लबांना तीन वर्षं शिथिल करा, आणि शुक्रवारचे चार सामने द्या. हरून कोणी प्रशिक्षकांचा पगार मिळवायला जाणार नाही.

आकडेमोड

तळाच्या तीन क्लबांचे सामने शुक्रवारी रात्री? वाहिन्या ऐकतील का?

कांगारूप्रेमी

ऐकणार नाहीत, म्हणूनच पिक मागतो. २०२८ ला टास्मानिया येतंय, नव्या क्लबाला चांगली पोरं द्यावीच लागतील. गोल्ड कोस्ट आणि जीडब्ल्यूएस आले तेव्हा तळाच्या जुन्या क्लबांच्या हाती चोथा उरला होता. तेव्हा जो तळाला असेल त्याने काय करायचं?

तिरसट

तो नॉर्थ असेल तर काहीच नाही.

कांगारूप्रेमी

एसेंडनवाले ना तुम्ही? २००४ नंतर फायनल्समध्ये एक सामना जिंकून दाखवा, मग बोलू.