रात्री एक ते चार टाकी ११ सेंटीमीटर उतरली

सेक्रेटरी (२०२): सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना नमस्कार. कॉमन मीटरचं लाईट बिल परत चढलंय, टँकरचा खर्च वेगळाच. रविवारच्या मीटिंगमध्ये मेंटेनन्स महिन्याला ३०० रुपयांनी वाढवायचा विषय घ्यायलोय. कुणाला काय बोलायचं असेल तर इथंच बोला.

३०४: परत वाढ? गेल्या वर्षीच दिली की ओ आम्ही.

१०३: उन्हाळा हाय, सगळीकडं असंच चाललंय. आपल्या बेळगावच्या राकसकोप धरणाची पातळी उतरायलीय म्हणून पेपरात रोज यायलंय बघा.

४०१ टीचर: सेक्रेटरी, वाढीचा विषय घ्या पण आधी माझं जरा ऐकून घ्या, तीन आठवडे मी आणि वॉचमन मामा मिळून एक वही भरतोय, कुणाला बोलले नव्हते कारण आधी मलाच खात्री करून घ्यायची होती. रोज सकाळी सहाला कॉमन मीटरचं रीडिंग, आणि पंप किती वाजता चालू किती वाजता बंद, एवढंच लिहायचं. पंप रोज सरासरी सव्वादोन तास चालतोय. वरची टाकी आतनं ४ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद आहे, म्हणजे १० चौरस मीटर, म्हणजे पाणी एक सेंटीमीटर चढलं की १०० लिटर. पहाटे अर्धा तास पंप लावून बघितलं, पाणी ६० सेंटीमीटर चढलं. तासाला १२,००० लिटर झाले. सव्वादोन तासाला २७,००० लिटर. आता आपण ३६ फ्लॅटमध्ये लहानमोठी धरून १३० माणसं, शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरायचं असं सरकारी प्रमाण आहे, त्या हिशेबानं साडेसतरा हजार पुरायला पाहिजेत. वरचे साडेनऊ हजार कुठं जातात?

३०२: पाहुणे, धुणी, गाड्या धुणं. काही जण पाईप लावून गाडी धुतात, नाव घेत नाही.

४०१ टीचर: मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून परवा रात्री एक वाजता गच्चीवर गेले. मामांनी टॉर्च धरली, जुन्या पडद्याच्या काठीला सेंटीमीटरची टेप चिकटवून टाकीत सोडली, ओली खूण बघून वहीत लिहिली आणि झाकण घालून खाली आले. झोप काही लागली नाही. चारला परत वर गेले तर खूण ११ सेंटीमीटर खाली. तीन तासांत ११०० लिटर! पंप बंद, सगळी बिल्डिंग झोपलेली, गाड्या कोण धुणार त्या वेळी. हेच दिवसभर चालत असणार, ८,८०० लिटर. ५,००० लिटरचा टँकर धरला तर रोज पावणेदोन टँकर पाणी आपण विकत घेऊन, पंपानं चार मजले चढवून, गटारात सोडतोय. आणि ते पाणी असंच येतं का? मार्कंडेय नदीचं पाणी राकसकोपातनं येतंय, हिडकल धरणाचं तर घटप्रभा नदीतनं टप्प्याटप्प्यानं पंप करून चढावर आणायला लागतं. किती वीज जळते त्यात. मला खरंच वाईट वाटलं.

१०४: टीचर नमस्कार. आमच्या उद्यमबागेत फौंड्रीत हेच करतात, एक टन माल वितळवायला किती युनिट गेले ते रोज फळ्यावर लिहायचं. आकडा चढला की शिफ्टमध्येच शोधाशोध चालू होते, महिन्याच्या बिलाची वाट कोण बघत बसत नाही. कॉमन मीटर कितीला पळतोय ते बघितलं का?

४०१ टीचर: बघितलं रे बाळ. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो ना, शेजारी १६०० इम्पल्स छापलंय, म्हणजे दिवा १६०० वेळा लुकलुकला की एक युनिट. रात्री दीडला घड्याळ लावून मोजलं, लिफ्ट उभी, पंप बंद, तरी मिनिटाला २०. तासाला १२००, म्हणजे पाऊण युनिट, म्हणजे सतत ७५० वॅट चालू. पार्किंगमधल्या १४ जुन्या ट्यूब, चोक धरून एकेक ५० वॅट, त्यातच ७०० गेले, उरलेले कॅमेरे आणि लिफ्टचं पॅनेल. बरं, रात्री लाईट पाहिजेच. पण दुपारी बाराला मोजलं तरी लिफ्ट थांबलेली असताना २०! पार्किंगच्या ट्यूब दिवसभर चालू राहतात. बारा तासांचे ८.४ युनिट, महिन्याला अडीचशे.

२०१: पार्किंगात दिवसापण अंधार असतो म्हणून ठेवतात त्या. आमची ही एकदा पडली तिथं.

४०१ टीचर: काकूंचं लक्षात आहे माझ्या, अंधार ठेवायचा नाहीच. ह्या १४ जुन्या ट्यूबच्या जागी २०-२० वॅटच्या एलईडी ट्यूब घातल्या तर उजेड तेवढाच पडतो, आणि गेटजवळच्या सहा ट्यूबना वेगळं बटण केलं की त्या दिवसा बंद ठेवता येतील.

३०२: मी काय म्हणते, प्रत्येक फ्लॅटला पाण्याचं मीटर बसवा, जो वापरेल तो भरेल. आम्ही दोघंच राहतो, आम्ही का सगळ्यांचं भरायचं.

४०१ टीचर: तुमचं म्हणणं रास्त आहे, पण आपली बिल्डिंग जुनी, किचनची लाईन वेगळी, दोन बाथरूमच्या दोन वेगळ्या, एका फ्लॅटला तीन मीटर लागतील. ३६ फ्लॅटचे १०८. त्याआधी टाकीतनं निघणाऱ्या मेन पाईपला एकच मीटर लावूया, आकडा सगळ्या बिल्डिंगचा, कुणा एकाचा नाही, म्हणजे भांडणही नाही.

२०१: ह्यावरनं सांगतो, आमचा थोरला न्यूयॉर्कला बिल्डिंग मेंटेनन्सच्याच कामात आहे. तिथं २००९ साली कायदाच केला, मोठ्या बिल्डिंगनी वर्षाला वीज किती, पाणी किती वापरलं ते दरवर्षी १ मेच्या आत शहराला कळवायचं. आधी ५०,००० चौरस फुटांच्या वरच्यांना होता, मग २५,००० वर आणला. आकडे भरायला सरकारी प्रोग्राम फुकट आहे. फ्लॅटवार कोण विचारत नाही, बिल्डिंगचा आकडा, आणि तो लोकांना बघायला मिळतो. आता तर वीज-गॅस धरून एकूण ऊर्जेच्या वापरावरनं ए, बी, सी, डी असं अक्षर मिळतं ते दारात लावायला लागतं.

१०४: आपल्याकडं पण बीईई, म्हणजे केंद्र सरकारची ऊर्जा बचतीची संस्था, ऑफिस बिल्डिंगना स्टार देतंय काका, फ्रिजला असतात तसे. वर्षाला एका चौरस मीटरला किती युनिट त्यावरनं. २००९ पासनंच चालू हाय ते. पण लावून घ्यायची सक्ती नाही.

सेक्रेटरी (२०२): टीचर, वही मला द्या, रविवारी सगळ्यांसमोर ठेवू. पण रात्रीचं पाणी जातंय कुठं ते कळायला पाहिजे की.

४०१ टीचर: फ्लशच्या टाक्यांवर संशय आहे माझा. आतला रबर झिजला की पाणी भांड्याच्या कडेनं इतकं बारीक ओघळतं की आवाजही येत नाही, दिसतही नाही. सगळ्यांनी आज एक करा, जिलेबीत घालतो तो खायचा रंग चिमूटभर फ्लशच्या टाकीत टाका, अर्धा तास फ्लश दाबू नका, मग भांड्यात बघा. रंग उतरला असेल तर गळती आहे. इथं फ्लॅट नंबर कळवा. १०३, तुमच्या वहिनींकडनं हे कन्नडमध्ये लिहून घ्या, लिफ्टजवळ दोन्ही भाषांत लावते.

१०३: होय टीचर, आत्ताच सांगतो तिला.

३०४: आमच्यात पिवळं आलं. मागच्या बाथरूमचं.

२०१: आमचं स्वच्छ.

३०२: आमच्या दोन्हीत आलं ओ. दोघंच राहतो म्हणून सांगत होते आणि बघा. कधीपासनं जात होतं काय की.

४०१ टीचर: मनाला लावून घेऊ नका, माझ्याही एका टाकीत आलंय.

सेक्रेटरी (२०२): संध्याकाळपर्यंत ११ गळक्या टाक्या झाल्या. तीन फ्लॅटना कुलूप हाय, त्यांना फोन करतो. प्लंबर उद्या सकाळी नऊला येतोय, वॉशर खडेबाजारातनं एकदम घेतो, पैसे सोसायटीतनं. मेंटेनन्सचा विषय तूर्त मागं घेतो, एक महिना वही बघूया.

४०१ टीचर: वॉशर बसले की उद्या रात्री परत मोजायला लागेल. तरीही उतरलं तर सोलर हीटरच्या लाईनीचे जॉइंट बघायचे. मामांना सुट्टी आहे उद्या, एक वाजता टॉर्च धरायला कोण येईल?

१०४: मी येतो. सेकंड शिफ्ट सुटली की सरळ गच्चीवरच.