केळी वेफर्सच्या साइटला कोणते कीवर्ड टाकू?

रावेरवाला: राम राम मंडळी, घरच्या केळीचे वेफर्स बनवतो, साइट टाकून तीन महिने झाले पण गूगलवरून एक गिऱ्हाईक नाही, साइटवाल्याने मेटा कीवर्डमधी (पानाच्या कोडमधला न दिसणारा शब्दांचा टॅग) ‘स्नॅक्स, बेस्ट, इंडिया’ असे चाळीसेक शब्द कोंबलेत, अजून काय टाकू?

भुसावळकर: भो, तो टॅग गूगल रँकिंगला धरतच नाही, 2009 मधीच सांगितलंय त्यांनी. नुसत्या ‘वेफर्स’वर मोठ्या कंपन्यांपुढे तू कुठे दिसणार? गिऱ्हाईक जे टाइप करतं तेच पानाच्या टायटलमधी घे, ‘उपवासाचे केळी वेफर्स’, ‘केळी वेफर्स होलसेल जळगाव’. जळगावच्या केळीला 2016 चा जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, पण नोंदणी केल्याशिवाय तो शिक्का नको लावू बरं.

बिबडेवाली_चोपडा: मी शहाणपणा करून ‘सॉर्घम पापड’ लिहिलं होतं 😄 कोण शोधतं ते! गूगलचं सर्च कन्सोल, म्हणजे लोक काय शोधून साइट पाहतात ते दाखवणारं साधन, जोडल्यावर कळलं, लोक ‘बिबडे’ टाकतात, कोणी ‘ज्वारीचे पापड’, अर्धे तर रोमन लिपीत. दादा, आधी ते फुकटचं कन्सोल जोडा.

रावेरवाला: जोडतो ताई. होलसेलचं पान वेगळं करू का?

भुसावळकर: वेगळंच कर, त्याला किलोचा भाव पाहिजे, उपवासवाल्याला पाकीट.